रिव्हॉल्व्हरचे वय त्याच्या अंगावरच्या खुणांना विचारावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या अंकात जिल्हा पानावर ‘माळ्यावर सापडले १८५७ च्या समरातील रिव्हॉल्व्हर’ या मथळ्याची बातमी छायाचित्रासह प्रसिद्ध झाली आहे. जुन्या वाड्याची डागडुजी चालू असताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत हे शस्त्र मिळाले आणि मालकांनी ते त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जमा केले, इथपर्यंतचा मजकूर बिनचूक असावा, आणि मालकांच्या तत्परतेचे कौतुकही केले पाहिजे. मात्र ‘हे शस्त्र सत्तावन्न सालच्या धामधुमीतले असल्याचे जाणकारांचे मत आहे’ हे पुढचे वाक्य छायाचित्राशेजारी टिकत नाही. छायाचित्र भिंगाखाली धरले तर शस्त्राच्या डाव्या अंगावर ‘वेब्ली’ हे नाव आणि ‘मार्क’ या शब्दापुढे रोमन सहाचा आकडा सरळ वाचता येतो. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीच्या या नमुन्याला ब्रिटिश लष्कराने मान्यता दिली ती मे १९१५ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध सुरू होऊन नऊ महिने झाल्यावर. बातमीतील शस्त्र आणि बातमीतील समर यांच्यात किमान ५८ वर्षांचे अंतर आहे.

आकडा वाचता आला नसता, तरी शस्त्राच्या घडणीवरूनही ही चूक टळू शकली असती. छायाचित्रातील रिव्हॉल्व्हर सिलिंडरच्या पुढे बिजागरीवर मोडते, घोड्याजवळची कळ अंगठ्याने दाबली की नळी खाली झुकते आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम वर उचलली जातात. मुठीच्या बुडाला दोरी अडकवण्याची कडीही दिसते. अशा मोडत्या बांध्याची रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यात आली ती १८८० मध्ये, आणि वेब्लीचा पहिला लष्करी नमुना स्वीकारला गेला १८८७ मध्ये. त्यानंतर १८९४ च्या सुमारास दुसरा, १८९७ मध्ये तिसरा, १८९९ मध्ये चौथा, १९१३ मध्ये पाचवा आणि १९१५ मध्ये सहावा, अशी ती पिढ्यांची रांग आहे. १९३२ मध्ये एनफिल्डच्या कमी व्यासाच्या रिव्हॉल्व्हरला मान्यता मिळाली आणि सहाव्या नमुन्याची सद्दी संपत गेली.

१८५७ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला जी रिव्हॉल्व्हरे होती, त्यांना धातूचे काडतूस असे लागतच नसे. कोल्टचा १८५१ सालचा नेव्ही नमुना, लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सचे १८५१ सालचे रिव्हॉल्व्हर आणि बोमाँट यांच्या १८५६ च्या पेटंटाने सुधारलेली त्याचीच पुढची आवृत्ती ही त्यांतली मुख्य. कोल्ट आणि अ‍ॅडम्स या दोघांनीही आपापला माल लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात मांडला होता, आणि कोल्टने पुढे खुद्द लंडनमध्येच कारखाना काढून तो तीनचार वर्षे चालविला. ही सारी ‘ठासणीची’ शस्त्रे होत. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मागच्या बाजूच्या बारीक तोटीवर घोडा आपटताच पेटणारी तांब्याची टोपी चढवायची, हे काम पाच किंवा सहा वेळा केल्यावर शस्त्र सज्ज होई. त्यामुळे एखादे रिव्हॉल्व्हर १८५७ चे असल्याचा दावा कोणी केला, तर पहिली नजर सिलिंडरच्या मागच्या बाजूकडे गेली पाहिजे. तिथे टोपी बसविण्याच्या तोट्या नसतील आणि काडतुसे सरकविण्याची आरपार भोके असतील, तर इंग्रजी शस्त्रापुरते तरी ते सत्तावन्नचे नव्हे. फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत काडतुसाची रिव्हॉल्व्हरे तोवर निघाली होती हे खरे आहे, पण बातमीतील शस्त्राशी त्यांचा काही संबंध नाही.

हे मी वार्ताहराला हिणविण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः वयाची साठ वर्षे हीच चूक उराशी बाळगली होती, आणि ती कशी निस्तरली हे सांगितल्याशिवाय माझ्या म्हणण्याला वजन येणार नाही.

आमच्या घरी पणजोबांपासून चालत आलेले एक लहानसे रिव्हॉल्व्हर होते. मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी खाली वळलेली, नळी जेमतेम अडीच इंच आणि सिलिंडरला पाच घरे. आजोबांच्या नावाच्या परवान्यावर त्याची नोंद ‘ब्रिटिश बुलडॉग, इंग्लंड मेक’ अशी होती. दसऱ्याला ते पाटावर ठेवून त्याला गंधफूल वाहिले जाई, आणि आजी दरवर्षी न चुकता सांगे की हे सत्तावन्न सालचे आहे, पळून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने जीव वाचविल्याबद्दल ते आपल्या घराला दिले. पणजोबांचा जन्म १८५७ नंतरचा होता. हा हिशेब लहानपणी आम्हाला सुचला नाही आणि मोठेपणी विचारण्याची हिंमत झाली नाही.

वडील गेल्यानंतर नियमाप्रमाणे ते रिव्हॉल्व्हर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केले. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. जुने नकाशे, टिपणे आणि मोडी कागद वाचण्यात उभी हयात गेली, पण घरातल्या या लोखंडी कागदाकडे मात्र कधी नीट पाहिले नव्हते. विक्रेत्यांच्या परवानगीने त्यांच्या दुकानात दोन दुपारी बसलो. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी शस्त्र हातात घेताच आधी झडप उघडून पाचही घरे रिकामी असल्याची खात्री केली, मग ते उजेडाकडे तिरके धरले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, हा बुलडॉग खरा, पण विलायतचा नाही. हा बेल्जियमचा आहे.” मी परवान्यातली नोंद पुढे केली. त्यांनी ती चष्म्याखालून वाचली आणि हसून म्हणाले, “कारकुनाने पाटी वाचली, शिक्का नाही वाचला.”

हा शिक्का म्हणजे काय, ते सांगतो. युरोपात बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर विक्रीला जाण्यापूर्वी सरकारमान्य चाचणीगृहात पाठवावे लागे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार भरून ते उडवीत, आणि नळी किंवा सिलिंडर न फुटल्यास त्यावर ठरलेली खूण ठोकीत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बेल्जियममधील लिएज शहरातील चाचणीगृहाचा आरंभ १६७२ चा आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ चे. या खुणांचे स्वरूप नियम बदलले की बदलत गेले, आणि कोणता शिक्का कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत वापरात होता याची कोष्टके उपलब्ध आहेत. उदाहरणार्थ, बर्मिंगहॅमच्या शस्त्रावर मुकुटाखाली ‘बी. व्ही.’ आणि मुकुटाखाली ‘बी. पी.’ ही अक्षरे असतील, तर ती १९०४ च्या नियमांनंतरची. शस्त्रावर कारखान्याने स्वतःविषयी काय लिहिले यापेक्षा तिऱ्हाइताने ठोकलेला हा शिक्का अधिक भरवशाचा, कारण त्यात कारखान्याची जाहिरात नसते.

आमच्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर नखाएवढ्या लांबट वर्तुळात ‘ई. एल. जी.’ ही तीन अक्षरे आणि त्याखाली बारीक तारा होता. ही लिएजची अंतिम चाचणीची खूण. १८९३ पासून या वर्तुळावर मुकुट आला. आमच्या खुणेवर मुकुट नव्हता. शेजारी तपासनिसाचे एक अक्षर होते आणि त्यावर चांदणी. १८७७ पूर्वी या अक्षरावर मुकुट ठोकत, त्यानंतर चांदणी ठोकू लागले. म्हणजे एका खुणेत मुकुट नाही म्हणून वरची मर्यादा १८९३ आणि दुसरीत चांदणी आहे म्हणून खालची मर्यादा १८७७, अशी सोळा वर्षांची चौकट दोन ठिपक्यांएवढ्या शिक्क्यांवरून मिळाली. आटे पाडलेल्या नळीवर लिएजमध्ये १८९४ पासून मुकुटाखाली ‘आर’ हे अक्षर ठोकीत असत. आमच्या नळीत आटे होते, ते अक्षर मात्र नव्हते, आणि त्यामुळे वरची मर्यादा आणखी पक्की झाली.

इथे एक कबुली देणे भाग आहे. त्या चांदणीचा अर्धाच भाग शिल्लक होता. आमच्या चुलत भावाने एका दसऱ्याला ‘शस्त्र लखलखीत दिसावे’ म्हणून पॉलिशपेपर घेऊन तासभर घासकाम केले होते. गंज तर गेलाच, पण त्याबरोबर एका तपासनिसाची निम्मी सहीही गेली. उरलेली टोके दिसावीत म्हणून मिस्त्रींनी खडूची पूड बोटाने त्या खळग्यात भरली, वरून कापडाने हलके पुसले आणि विजेरी आडवी धरली. पांढऱ्या रेघांत चांदणीची तीन टोके उभी राहिली. मुकुट असता तर बुडाला आडवी पट्टी दिसली असती. ती कुठेच नव्हती. जुने शस्त्र ज्यांच्या घरी असेल त्यांनी त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा आणि तेवढ्यावर थांबावे. चिंच, विटेची भुकटी आणि पॉलिशपेपर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ठेवावेत.

मग ‘ब्रिटिश बुलडॉग’ या पाटीचे काय? हे नाव बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये बाजारात आणलेल्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरचे. ते इतके खपले की लिएजच्या कारागिरांनी त्याच्या हजारो नकला काढल्या आणि इंग्रजी नावाला भाव आहे म्हणून नावही तेच कोरले. त्या शहरात आणि आसपासच्या खोऱ्यांत शस्त्रांचे सुटे भाग घरोघर घडत असत. आपल्याकडे विड्या वळण्याचे काम जसे घराघरांत चालते तसे कोणी नुसते घोडे कानशीने घासत बसे, कोणी नुसत्या मुठी, आणि शेवटी एखादा व्यापारी हे सारे गोळा करून जोडून घेई. हाताने घासून घडविलेला भाग दुसऱ्या शस्त्रात नीट बसत नसे, म्हणून एकाच शस्त्राच्या सर्व भागांवर एकच लहानसा आकडा ठोकीत, म्हणजे भेळमिसळ व्हायची नाही.

मिस्त्रींनी मुठीचा स्क्रू काढून लाकडी पट्ट्या बाजूला केल्या तेव्हा आतल्या लोखंडावर तो आकडा दिसला. सिलिंडरवर तोच होता आणि काडतुसे भरायच्या झडपेच्या आतल्या अंगावरही तोच. तो आकडा होता ५७.

आमच्या आजीचे सत्तावन्न साल तिथे होते. घरातल्या कुणीतरी कधीकाळी झडप उघडून आकडा पाहिला, त्याचे साल केले आणि सालाभोवती साहेब, जंगल आणि जीवदान यांची गोष्ट विणली. असे अनेक घरांत झाले असणार याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच, संपादक महोदय, शस्त्रावर आकडा दिसला की तो कशाचा आहे हे ठरविल्याखेरीज त्याचे साल करू नये. तो जुळणीचा असेल, अनुक्रमांक असेल, पेटंटाचा असेल किंवा पलटणीच्या हत्यारखान्याचा असेल. पेटंटाच्या तारखांनी तर भलेभले फसतात. कोल्टच्या प्रसिद्ध सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरवर १८७१, १८७२ आणि १८७५ या सालांच्या पेटंट तारखा कोरलेल्या असतात, आणि तो नमुना विसाव्या शतकातही बनत राहिला. पेटंटाची तारीख एवढेच सांगते की शस्त्र त्या दिवसाच्या आधीचे नाही.

दुकानदाराच्या नावाचा घोळही असाच. इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या वरच्या पट्टीवर पुष्कळदा विकणाऱ्याचे नाव असते, बनविणाऱ्याचे नसते. आपल्याकडे ‘आर्मी अँड नेव्ही’ सहकारी सोसायटीच्या नावाची शस्त्रे अधूनमधून दिसतात. तिची मुंबईतील पेढी १८९१ मध्ये उघडली आणि काळा घोडा परिसरातील तिची इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. ही सोसायटी शस्त्रे बनवीत नव्हती, बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारागिरांकडून घेऊन विकीत होती. अशा शस्त्रावर विक्रीचा क्रमांक असेल तर मात्र शोध फार पुढे जाऊ शकतो, कारण सोसायटीच्या बंदूक विक्रीच्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. अमेरिकन कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या बाबतीतही अनुक्रमांक कळविल्यास कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून शस्त्र कधी आणि कोणाकडे रवाना झाले याचे पत्र शुल्क भरून मिळू शकते. आमच्या लिएजच्या ५७ क्रमांकासाठी अशी कोणतीही वही नाही. स्वस्त नकलेला वंशावळ नसते.

तरीही आमचा शोध तिथे थांबला नाही, आणि त्याचे श्रेय वाळवीला न जुमानलेल्या एका जमाखर्चाच्या वहीला जाते. पणजोबांचा कात आणि लाकडाचा व्यापार होता, माल खाडीतून गलबताने मुंबईस जाई आणि रोकड घेऊन परत येण्याची जोखीम असे. त्यांच्या वहीत शके १८१२, विकृतीनाम संवत्सर, मार्गशीर्ष महिन्यातल्या एका पानावर मोडीत ‘पिस्तोल पाचबारी नग १, मुंबईहून’ अशी ओळ मिळाली. रकमेच्या जागी भोक आहे. शके १८१२ मधला मार्गशीर्ष म्हणजे १८९० चा अखेर. शिक्क्यांनी दिलेल्या चौकटीत ही ओळ चपखल बसते. वहीतले पाचबारी तेच हे, असे शपथेवर सांगता येणार नाही हे मी जाणतो, पण घरात दुसरे पाचबारी कधी असल्याची ना आठवण आहे ना नोंद. साहेब आणि जीवदान मात्र कुठल्याच पानावर नाहीत. पणजोबांनी ते रोख पैसे मोजून, वाटेतल्या चोरांच्या भीतीने विकत घेतले, आणि मला विचाराल तर ही गोष्ट जास्त विश्वासार्ह आहे आणि कमी अभिमानाचीही नाही.

ज्यांच्या घरी वही नसेल त्यांच्यासाठी परवाना हा मोठा आधार आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून परवान्यांचे जे कागद निघाले त्यांतले जुने नूतनीकरणाचे शिक्के, जिल्ह्यांची नावे आणि हस्तांतराच्या नोंदी यांवरून शस्त्र कोणत्या साली कुठे होते हे लागते. फक्त त्यातले वर्णन डोळे मिटून घेऊ नये. आमच्या परवान्यातला ‘इंग्लंड मेक’ हा शेरा तीन पिढ्या प्रत्येक नूतनीकरणात तसाच उतरविला गेला. मूळ चूक एकाची आणि नक्कल सगळ्यांची, हे महसुली दप्तरात काम केलेल्या कुणालाही नवीन नाही.

क्रमांकाची नोंद किती मोलाची असते याचे आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये सॉन्डर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात भगतसिंगांबरोबर आपल्या खेडचे राजगुरू होते. भगतसिंगांचे त्या वेळचे कोल्ट बनावटीचे .३२ चे ऑटोमॅटिक पिस्तूल पुढे अनेक वर्षे कुणाच्या खिजगणतीत नव्हते. पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून ते सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्रसंग्रहात जाऊन पडले होते. ते ओळखले गेले ते खटल्याच्या कागदपत्रांत १६८८९६ हा क्रमांक लिहून ठेवलेला होता म्हणून. पिस्तुलावरच्या रंगाखालून तोच क्रमांक निघाला आणि शंकेला जागा उरली नाही. त्या कागदावर एखाद्या कारकुनाने ‘एक जुने पिस्तूल’ एवढेच लिहिले असते तर? (जाता जाता एक विनंती. ज्याला फिरते सिलिंडर असते ते रिव्हॉल्व्हर आणि ज्याच्या मुठीत काडतुसांची पेटी सरकते ते पिस्तूल. आपल्याकडील बातम्यांत हे दोन शब्द एकाच परिच्छेदात एकाच वस्तूसाठी आलटूनपालटून येतात. पणजोबांच्या वहीत ते चालून जाते, दैनिकात चालू नये.)

कायद्याविषयीही बातमीत एक धोकादायक वाक्य आहे. ‘शंभर वर्षांहून जुने असल्याने या शस्त्राला परवान्याची गरज नाही’ असे त्यात म्हटले आहे. शंभर वर्षांची अट १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात आहे, आणि तिचा संबंध वस्तू ‘पुरावस्तू’ ठरण्याशी आणि ती परदेशी नेण्यावरील निर्बंधांशी आहे. शस्त्र बाळगण्याचा प्रश्न १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचा आहे. त्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुरावस्तू म्हणून मूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, ही अट त्याच वाक्यात आहे. वयाचा आकडा तिथे नाही. अमेरिकेत १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे निराळ्या वर्गात धरतात, आणि ते वाचून आपल्याकडे काही मंडळी ‘जुने म्हणजे मोकळे’ असे समजतात. आपल्या देशात तसे नाही. बातमीतील वेब्ली गंजलेले असले तरी छायाचित्रावरून त्याचा घोडा आणि सिलिंडर शाबूत दिसतात. अशा शस्त्राला परवाना लागत नाही हे वाचून एखाद्या वाचकाने माळ्यावरचे रिव्हॉल्व्हर दिवाणखान्यात टांगले तर त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकेल. आणि ते काळ्या दारूच्या जमान्यातले असेल आणि कुणी उत्साहाने त्यात आजचे काडतूस घालून चाप ओढला तर परिणाम त्याहून वाईट होईल, कारण त्या जमान्यातले पोलाद धूरविरहित दारूचा दाब सोसण्यासाठी घडवलेले नव्हते.

मला याबाबत दोन गोष्टी सुचवायच्या आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मर्यादा आली, तेव्हा जास्तीची शस्त्रे वर्षभरात जमा करावी लागली, आणि त्यांत वडिलोपार्जित शस्त्रे असणारच. वारसांना परवाना नको असल्यामुळेही अशी शस्त्रे येत राहतात. विहित मुदतीत त्यांची विल्हेवाट लावली नाही तर ती सरकारजमा होतात. जमा करताना दिल्या जाणाऱ्या पावतीवर ‘जुने रिव्हॉल्व्हर, गंजलेले’ एवढाच शेरा पडला तर त्या शस्त्राचा इतिहास तिथेच संपतो. पावतीबरोबर चारदोन छायाचित्रे घेतली जावीत: दोन्ही बाजू, सिलिंडरची मागची बाजू, नळीचा खालचा भाग आणि प्रत्येक शिक्का जवळून. सरकारी मालकीची बाणासारखी खूण असेल तर तीही, कारण त्या बाणाजवळ इंग्रजी ‘आय’ अक्षर असल्यास शस्त्र हिंदुस्थान सरकारच्या साठ्यातले होते हे कळते. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे याला पाच मिनिटे आणि शून्य रुपये लागतात. ही छायाचित्रे वारसांनी स्वतः काढून ठेवली तरी चालेल, पण ठाण्याच्या कागदाला जोडलेली असली तर पन्नास वर्षांनीही सापडतील.

दुसरी गोष्ट आपल्या दैनिकापुरती. कृपया या बातमीची दुरुस्ती त्याच पानावर आणि शक्य तो तेवढ्याच आकाराच्या मथळ्याने छापावी. शस्त्र १८५७ चे नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. १९१५ नंतरचे वेब्ली या भागातल्या वाड्यात आले कसे, हाच खरा बातमीचा विषय आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, आणि कोकणातल्या व देशावरच्या कितीतरी गावांच्या वेशीवर त्या युद्धात गेलेल्यांच्या संख्येचे संगमरवरी फलक आजही आहेत. त्या वाड्यातले कोणी फौजेत होते काय, पोलिसात होते काय, की युद्धानंतर विकलेल्या सरकारी मालातून ते आले, याचे उत्तर शस्त्राच्या अंगावर असण्याचा संभव आहे. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील तर ते सैन्याने विकून टाकलेले, एवढे तरी लगेच कळेल.

आपण छापलेल्या छायाचित्रात शस्त्राची डावी बाजूच दिसते. पोलीस ठाणे आणि वाड्याचे मालक यांची हरकत नसेल तर उजवी बाजू आणि मुठीचे बूड पाहण्यासाठी मी ठाण्यात स्वखर्चाने यायला तयार आहे. शस्त्राला हात लावण्याची मला गरज नाही, ते त्यांच्याच कर्मचाऱ्याने धरावे. भिंग, विजेरी आणि खडूची पूड माझी मी आणीन.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
(भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त), चिपळूण